सान बार्बातोच्या भिंतीवरचे तीन मासे

"हा कढईत बसलाय ना, तो गिरणीवाला," एर्सिलियाने काठी उचलून दाखवले. "मापात मारायचा. म्हणून सैतान आता त्याला मापून मापून तळतोय."

आठ पाहुण्यांपैकी एकही हसला नाही. गेली एकतीस वर्षे या वाक्याला माणसे हसत आली होती; एकदा तर एक बिशपसुद्धा हसला होता. एर्सिलियाने सवयीप्रमाणे काठीचे टोक भिंतीला टेकवले. दगडाचा टक् आवाज काही आला नाही. टोक कशात तरी मऊ रुतले आणि ते जे काही होते ते हलले.

कापड. कुणीतरी अख्ख्या भिंतीवर पांढरे कापड टांगून ठेवले होते.

सान बार्बातोचा मठ गावापासून सहा किलोमीटर वर, डोंगरात. भिक्षू निघून गेल्याला दोनशे वर्षे झाली. मागे राहिली भिंतीवरची मेल्यानंतरच्या निवाड्याची चित्रे, आणि दार उघडायला कुणीतरी हवे म्हणून एर्सिलिया. तिचा नवरा वारला त्या वर्षी गावच्या कचेरीने तिच्या हाती किल्ली दिली. चित्रांचा अर्थ मात्र कुणी सांगितला नाही. पाद्रीबाबांनी दिलेली पुस्तिका तिने पाठ केली; पण ती होती चौदा पानांची आणि भिंतीवर पापी होते साठ. उरलेल्यांची पापे तिने स्वतःच वाटून दिली.

दीड वर्षापूर्वी तिच्या डोळ्यांपुढे धुके आले. भिंत गेली, माणसांचे चेहरे गेले. हे फक्त तिचा धाकटा दीर सावेरियो जाणून होता. तो तिला आपल्या तीनचाकी टेम्पोतून वर आणायचा आणि दारापाशी कानात सांगायचा, "आठ आहेत, वहिनी. डावीकडे हिरव्या टोपीची बाई आहे, तिच्याकडं बघून बोला." पण सावेरियो जुना कम्युनिस्ट. लग्न आणि मयत सोडून देवळाचा उंबरा ओलांडायचा नाही हा त्याचा नेम. तेव्हा आतल्या कापडाची खबर त्याला कुठून असणार?

आता कबूल केले की संपले. उद्याच किल्ली कचेरीतल्या चिटणिसाच्या भाचीकडे जाणार.

"आज मुद्दामच झाकून ठेवलंय," ती म्हणाली. "बघायला काय, कुणीही बघतं. आज तुम्ही ऐकायचं."

आणि तिने सुरुवात केली. काठी त्या पांढऱ्या कापडावरून वरपासून खालपर्यंत फिरू लागली. आत्मे तोलणारा देवदूत, त्याचा खिडकीला टेकलेला पंख. त्याच्याखाली वकील. "याची जीभ दोन सैतान ओढतायत, एकट्याला आवरेना." या वाक्याला डावीकडे कुणीतरी फिस्सकन हसले. एर्सिलियाला धीर आला. मग तिने चकण्या मठाधिपतीला आणले, शेजारणीवर जळणाऱ्या बाईला आणले. पाहुणे बाकावर टेकले. कोऱ्या कापडाकडे आठ जण टक लावून बसले होते.

"थांबा जरा," कापडामागून आवाज आला. "पंख डाव्या खिडकीला की उजव्या?"

हिरव्या टोपीची बाई दचकून उठली. कापड बाजूला सारून हातात दिवा घेतलेली एक मुलगी बाहेर आली. ती लाविनिया. चित्रांची डागडुजी करायला शहरातून आली होती; कचेरीने तिला दुसरी किल्ली दिली होती आणि एर्सिलियाला कळवायचे राहून गेले होते. कापड तिनेच काल संध्याकाळी टांगले होते आणि आता मागे लाकडी परांचीवर बसून ती भिंत तपासत होती.

"आजी, परत सांगा. हळू. मी आत बघत जाते."

एक जरी चुकले तरी एर्सिलिया इथेच उघडी पडणार होती. पण पाहुण्यांना भलतीच मजा वाटू लागली होती.

"उजव्या," ती म्हणाली.

"आहे," आतून उत्तर आले.

"त्याच्याखाली वकील. पायात एकच जोडा."

"एकच आहे."

"मठाधिपती. चकणा."

"चांगलाच चकणा आहे."

प्रत्येक 'आहे'ला पाहुणे माना डोलावत होते. एका म्हाताऱ्याने तर टाळी वाजवली.

"आणि खाली कोपऱ्यात टोपली. तिच्यात तीन मासे."

आत दिवा हलला.

"इथं काही नाही हो आजी. नुसता गिलावा आहे."

"मागं छत गळलं होतं, तेव्हा तिथं ओल आली," एर्सिलिया म्हणाली. "गेले असतील. पण होते."

लाविनिया वही घेऊनच बाहेर आली. त्या कोपऱ्याचा एकही फोटो कुणाकडे नव्हता. तिथे काय होते हे सांगणारे आजवर कुणी भेटले नव्हते.

"रंग कोणता होता माशांचा?"

एर्सिलियाच्या जिभेवर चंदेरी रंग आला, लाल कल्लेही आले. जिने अख्खा गिरणीवाला घडवला तिला तीन माशांचे काय जड? आठही जण वाट बघत होते.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"अंदाजे सांगा."

"अंदाजे पापं सांगते मी. हे तू लिहून घेतेयस. तीन मासे होते, तिसऱ्याची नुसती शेपटी दिसायची. एवढंच लिही."

लाविनियाने लिहून घेतले. पाहुणे बाहेर गेल्यावर तिने हलकेच विचारले, "आजी, कापड आहे हे कधी कळलं तुम्हाला?"

"काठी रुतली तेव्हा."

महिनाअखेरीस किल्ली चिटणिसाच्या भाचीकडे गेलीच. बोभाटा मात्र झाला नाही; एर्सिलियाने स्वतः कचेरीत जाऊन ती टेबलावर ठेवली आणि गुडघे दुखतात असे सांगितले. लाविनियाने मात्र तिला सोडले नाही. दर मंगळवारी सावेरियो तिला वर आणून सोडी आणि भिंतीशी खुर्चीत बसून ती कुठे काय होते ते सांगत राही. कापड आता निघाले होते.

अशाच एका मंगळवारी भाची पाहुणे घेऊन आली. हातातल्या छापील कागदावरून ती घडाघडा वाचू लागली, "चौदावे शतक. चित्रकार अज्ञात."

"असेल की कुणीतरी," एर्सिलिया पुटपुटली. ते फक्त लाविनियाला ऐकू गेले. मग पावले जवळ आली तशी ती उठली आणि पाहुण्यांना भिंत नीट दिसावी म्हणून तिने आपली खुर्ची बाजूला ओढून घेतली.