भुजंगच्या नावाचा पिंड

भुजंगला धरायला निजामाच्या पोलिसांनी वर्षभर गोदाकाठ पिंजून काढला. त्याच्या टोळीनं करोडगिरीचे जकातनाके जाळले, चुडाव्याजवळ रूळ उखडले, आणि दर वेळी मार बसला तो गावाला. गडी सापडत नाही म्हणून त्याच्या म्हाताऱ्या बापाला उन्हात उभं करायचं, याला मर्दुमकी म्हणत असतील तर म्हणोत बापडे.

मग पालमच्या खाली नदीत एक मुडदा सापडला. चेहरा माशांनी खाल्लेला. ठाण्याच्या अमीनानं भुजंगच्या बापाला, लिंबाजीला, आणि बायकोला, अनसूयेला, ओळख पटवायला बोलावलं. अनसूयेनं पाय पाहिले. हे तिच्या नवऱ्याचे पाय नव्हते. पण भुजंग मेला असं ठरलं तरच पाठलाग थांबणार होता. लिंबाजीनं प्रेतावर अंग टाकलं, "माझा भुजंग." अनसूयेनं तिथंच दगडावर बांगड्या फोडल्या. जित्या नवऱ्याच्या नावानं बांगड्या फोडताना तिच्या जिवाचं काय झालं, ते तिलाच ठाऊक.

अमीन कच्चा नव्हता. इकडच्या नोकरीतच त्याचे केस पिकले होते.

"दहाव्याला मी बी येतो," तो म्हणाला. "कावळा शिवला तर मामला खतम. न्हाई शिवला तर तुमा दोघांयची खैर न्हाई."

दहाव्याला घाटावर पिंड मांडला. भटजींनी भुजंगचं नाव घेतलं. बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली येईना. लिंबाजीनं हात जोडले, "भुजंगा, तुझ्या लेकरायला काई कमी पडू देनार न्हाई." भाऊबंद म्हणाले, "तुझं रान पडीक ठेवनार न्हाई." कावळे ढिम्म. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला लागले, तर अमीनानं त्यांना अडवलं.

"असली पायजे."

शिपायांनी बंदुका खांद्यावरून उतरवल्या. लिंबाजी पुन्हा भुजंगला हाका मारायला लागला.

तेव्हा अनसूयेच्या ध्यानात आलं. सगळे भुजंगला विनवत होते, आणि भुजंग तर जिता होता. जो मेला त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती पिंडासमोर वाकली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

कावळा उतरला. त्यानं पिंडाला चोच मारली. अमीन जरा वेळ बघत राहिला, मग शिपायांना घेऊन निघून गेला.

लिंबाजी तिच्याजवळ सरकला. "काय बोललीस गं पोरी?" त्यानं हळूच विचारलं.

"म्हनलं, तू कुनाचा का असंना, तुझ्या मायला मी निरोप धाडीन. ती वाट बघत बसली असंल."

"कसा धाडशील? हे फुटलं की आपला भुजंग गेला."

"ठाव हाय, मामा."

बांगड्या फोडताना ती नुसती ओरडली होती. आता मात्र तिला खरंच रडू फुटलं. ज्याचं नाव-गाव ठाऊक नव्हतं त्या पोरासाठी, त्याच्या मायसाठी ती रडत राहिली, आणि घाटावरच्या बायका तिला भुजंगचं नाव घेऊन समजावत राहिल्या.