टाइमआउटचा भोंगा

मित्रांनो, कानठळ्या बसवणारा घसा असूनही माझं ऐकतं कोण? मी बास्केटबॉलच्या हॉलमधला एक जुना भोंगा आहे. कारखान्यात पाळी सुटल्याचा इशारा देण्यासाठी मला घडवलं होतं. आवाज कमी पडला, म्हणून इथे रवानगी झाली. वेळ पाहणारे काका मात्र मला रोज पुसत आणि म्हणत, "गडी खणखणीत आहे." कौतुक कुणाला नको असतं?

कोचने टाइमआउट, म्हणजे मिनिटभराची विश्रांती मागितली, की काका बटण दाबत आणि मी ओरडत असे. ती वेळ दमलेल्यांना श्वास घेण्यासाठी असते. पण काही कोच पक्के बेरकी. समोरची खेळाडू फ्री थ्रोच्या, म्हणजे कुणी न अडवता टाकायच्या एका गुणाच्या फेकीच्या, रेषेवर नेम धरायला उभी राहिली, की नेमकं तेव्हाच थांबवायचं. हात गार पडतात, मनात नको नको ते येतं आणि नेम चुकतो. मला या कामाची भारी चीड होती. पण भोंग्याला नाही म्हणता येत नाही.

त्या सामन्यात आमच्या मुली एका गुणाने मागे होत्या. हरलात तर संघ बंद, असं समितीने आधीच बजावलं होतं. वेळ संपत आली असताना खारूताईला दोन फ्री थ्रो मिळाले. एका जागी कधी ठरत नसे, म्हणून ती खारूताई. तिचे बाबाच संघाचे कोच होते.

समोरच्या कोचने टाइमआउट घेतला. मी ओरडलो. तो संपतो न संपतो तोच त्याने उरलेला शेवटचाही घेतला. पोरगी जागची हलली नाही. आता त्याच्या हातात काही राहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटलो बुवा.

पंच तिला चेंडू देणार, एवढ्यात तिच्या बाबांचाच धीर सुटला. त्यांनी स्वतः टाइमआउट मागितला. "अहो, राहू द्या ना आता," काका पुटपुटले. पण नियम तो नियम. त्यांनी बटण दाबलं आणि मला ओरडावंच लागलं.

"कोपर आत घे. गुडघे वाकव. घाई करू नकोस," बाबा तिचे खांदे धरून सांगत सुटले. "अगं, सगळा संघ तुझ्यावर आहे." तिने मान खाली घातली.

पहिला चेंडू कड्याला लागून बाहेर गेला. दुसरा कड्यापर्यंत पोचलाच नाही. सामना संपल्याचा इशाराही मलाच द्यावा लागला.

हॉल रिकामा झाला तरी दोघं बाकावर बसून होती.

"तुला धीर द्यायलाच बोलावलं गं मी," बाबा म्हणाले.

"त्यांनी थांबवलं तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही निवांत दिसत होता. मला वाटलं, मग जमेल आपल्याला."



आता संघ नाही, काकाही येत नाहीत. मी कपाटावर गंजत पडलो आहे. मला पुसा, असं मी म्हणत नाही. पण मित्रांनो, पाया पडून सांगतो, तुमचं माणूस रेषेवर उभं असेल तेव्हा तुमची भीती पोटातच ठेवा. ते तुमच्याकडे बघत असतं.