कोणी फुंकलं ते बघून लिहा

पहिलं कार्ड : ५६०

दर गुरुवारी चार वाजता दवाखान्याच्या मागच्या खोलीत चांगली मोठी माणसं टबात कागदी होड्या सोडतात आणि त्यांना फुंकर मारतात. ज्याची होडी पलीकडच्या काठाला लागेल त्याच्यासाठी टाळ्या. दोन वर्षं मी या टाळ्या वाजवतेय, आणि दर गुरुवारी तो टब उचलून खिडकीबाहेर भिरकावावा असं मला वाटतं.

ही माणसं दगडाची पूड करणाऱ्या कारखान्यात होती. पूड पिठाहून बारीक. काचेला लागते, फरशीला लागते, छातीत गेली की परत येत नाही. कारखाना बंद झाला, मालक यंत्रं घेऊन दुसरीकडे गेला. पूड मात्र यांच्याकडेच ठेवून गेला.

गट सिस्टर चालवतात. निवृत्त नर्स, आवाज अजून वॉर्डातला. आल्या आल्या प्रत्येकाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू बघायचा. मग ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा. मग होड्या. मग फुंकणी. फुंकणी म्हणजे प्लास्टिकची नळी, तिच्यावर काटा. दम लावून फुंकलं की काटा पुढे सरकतो. धडधाकट माणसाचा पाचशेच्या पुढे जातो. आमच्याकडच्यांचा दीडशेच्या आसपास टेकतो. शेवटी चहा. चहा पिताना बोलायचं नाही, असा सिस्टरांचा नियम, कारण दोन्ही एकदम जमत नाही. कपाट तरी बोलतोच आणि ठसका लागला की चहाला नावं ठेवतो.

कपाट म्हणजे दारात उभा राहिला तर दार दिसत नाही असा माणूस. काडी म्हणजे काडी. भाता म्हणजे लोहाराच्या भात्यासारखी छाती असलेला, एके काळी असलेला. आणि आमचे हे. चौघांनी एकाच शेडमध्ये बावीस वर्षं काढली. पाचवा मफलर. उन्हाळ्यातही गळ्याला गुंडाळलेलं असायचं. गेल्या महिन्यात गेला. त्याची खुर्ची सिस्टर अजून मांडतात. कोणी बसत नाही, काडी तिच्यावर पिशवी ठेवतो.

घरी न्यायचं प्राणवायूचं मशीन गटाकडे एकच आहे. ते एकेक आठवडा एकेका घरी फिरतं. आमची पाळी चार आठवड्यांनी एकदा. उरलेले तीन आठवडे हे बसून झोपतात, आंघोळ तीन हप्त्यांत करतात, आणि शर्टाची बटणं मी लावते, कारण हात वर नेला की दम जातो. कामामुळे छाती गेली असं सिद्ध झालं तर सरकार प्रत्येकाला स्वतःचं मशीन देतं. म्हणून अर्ज केले. पाच.

एका गुरुवारी पाचही परत आले. मफलरचासुद्धा. मेलेल्या माणसाला त्यांनी कळवलं होतं की त्याचा श्वास उत्तम आहे.

दुसरं कार्ड : ५४५

प्रत्येक पत्राला कारखान्यातल्या तपासणीच्या कार्डाची प्रत टाचलेली. वर्षातून एकदा कंपनीचा तपासनीस यायचा, सगळ्यांना फुंकायला लावायचा. नऊ वर्षांचे आकडे. प्रत्येक आकड्यापुढे शिक्का : श्वास उत्तम. खाली सरकारी वाक्य : कामावर असताना अर्जदाराची छाती निरोगी होती, सबब आजार कामामुळे झाला असे म्हणता येत नाही. हरकत असल्यास पंधरा दिवसांत समक्ष हजर राहावे.

मी सिस्टरांना म्हटलं, हे कसं शक्य आहे? सिस्टरांनी चष्मा पुसला. मी चौघांकडे बघितलं. चौघेही आपापल्या कपात बघत होते. कपाटसुद्धा नियम पाळत होता.

मी शिवणकाम करते. कारखान्याचे खाकी शर्ट माझ्याच मशीनवर शिवले जायचे. या पाचांच्या छात्यांची मापं मला तोंडपाठ आहेत. भाता चाळीस. कपाट सेहेचाळीस. काडी बत्तीस, त्यातही एक इंच मी दयेने वाढवायचे. मफलर छत्तीस. आमचे हे अडतीस.

पाचही कार्डं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. कापड पसरून बघावं तशी. शेवटच्या वर्षाची तारीख एकच. तपासणीचे क्रमांक ओळीने, अकरा ते पंधरा.

अकरा, भाता : ५६०.
बारा, कपाट : ५४५.
तेरा, काडी : ५३०.
चौदा, मफलर : ५१०.
पंधरा, हे : ४७०.

आदल्या वर्षीही तसंच. त्याच्या आदल्या वर्षीही. शेवटची पाच-सहा वर्षं पाच पायऱ्या, खाली उतरणाऱ्या. बत्तीस छातीची काडी आणि सेहेचाळीसचं कपाट यांच्यात पंधराचा फरक? एकाच ताग्यातून पाच तुकडे कापल्यासारखे दिसत होते ते आकडे, आणि शेवटी कापड कमी पडल्यासारखे.

मी विचारलं, "हे एकाच माणसाने फुंकलंय का?"

तिसरं कार्ड : ५३०

भाता उठून उभा राहिला. बसून बोलला असता तरी चाललं असतं, पण उभा राहिला, शाळेत उभं करतात तसा.

त्याने जे सांगितलं ते तुटक होतं, मध्ये मध्ये थांबून, खुर्चीची पाठ धरून. चारशेच्या खाली ज्याचा काटा राहील त्याला कामावरून काढायचे. दुसऱ्या खात्यात बदली नाही, औषध नाही, सरळ गेटबाहेर. त्या नऊ वर्षांतल्या पहिल्याच वर्षी काडीचा काटा चारशेला पोचेना. सकाळी घरी फुंकून बघून आला होता, उसनी नळी आणून. रडायला लागला. भात्याची छाती तेव्हा शेडमध्ये सगळ्यात दणकट. तो काडीचं कार्ड घेऊन आत गेला. कार्डावर फोटो नव्हता. पुढच्या वर्षी कपाट. मग मफलर. मग हे.

म्हणजे आमच्या यांचे पहिले काही आकडे खरे होते. पुढचे सगळे भात्याचे.

"वहिनी, यांचा नंबर शेवटी असायचा," भाता म्हणाला. "तोवर माझाच दम... म्हणून चारशे सत्तर."

कमी आकड्याबद्दल माफी मागत होता तो. माझ्याकडे. शिवलेला शर्ट आखूड झाला म्हणून मी गिऱ्हाइकाची मागते तशी.

मी काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. अकरा वर्षं मी त्याला भाऊजी म्हणत आले. त्या दिवशी मी त्याला अहो भाता म्हटलं. म्हटलं, अहो भाता, तुम्ही माझ्या नवऱ्याला वाचवलं नाहीत, पुडीत गाडून ठेवलंत. काटा खरा दिसला असता तर तो तेव्हाच बाहेर पडला असता. सिस्टर म्हणाल्या, हळू. मी म्हटलं, या खोलीत सगळेच हळू आहेत, एकीने तरी मोठ्याने बोलावं.

भाता खाली बसला. बोटावर चिमटा तसाच होता. ८४ दाखवत होता.

चौथं कार्ड : ५१०

घरी मी दोन दिवस नुसते शर्ट शिवत राहिले. हे पलंगाला टेकून बसले होते, मशीन त्या आठवड्यात काडीकडे. तिसऱ्या दिवशी मापांच्या जुन्या वह्या काढताना मला आठवलं, आणि आठवलं म्हणून जास्तच राग आला. तपासणीच्या दिवशी मी दर वर्षी गोडाचं करायचे. पास झाले म्हणून. एका वर्षी डबा भरून भात्याकडेही पाठवला होता.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

तेव्हा पोरीचं कॉलेज होतं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, माझं शिलाई मशीन नुकतंच घेतलेलं. काय म्हणाले असते? म्हणाले असते, फुंकू दे त्याला.

मग राग कुठे ठेवायचा? भात्यावर ठेवला, टिकला नाही. यांच्यावर ठेवला, हे आधीच वाकलेले. स्वतःवर काही वेळ ठेवला. वही उघडून मापं बघत बसले, आणि मग एकदम एक साधी गोष्ट लक्षात आली. मी दुकानात खाली मान घालून काम करते. पण कोणाचं माप घ्यायचं तर त्याच्याकडे बघावं लागतं. बघितल्याशिवाय माप घेताच येत नाही. मग तो तपासनीस कोणाकडे बघत होता?

मी सिस्टरांना फोन केला, उद्या सगळ्यांना घेऊन हरकतीला जायचं म्हणून. आणि भात्याला सांगा, त्याच्याशिवाय आम्ही आत जाणार नाही.

पाचवं कार्ड : ४७०

हरकतीचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. छातीच्या रोग्यांसाठीचं ऑफिस, आणि लिफ्ट बंद. तेवीस पायऱ्यांना अर्धा तास लागला. कपाट दर चार पायऱ्यांनी म्हणत होता, इथेच एक मशीन बसवा, आम्ही इथेच राहतो.

साहेबांनी कागद चाळले. मी वहीतली मापं दाखवली, पाच पायऱ्या दाखवल्या. ते कागदाकडे बघत म्हणाले, "म्हणजे तुम्ही कंपनीची फसवणूक केलीत."

कपाट लगेच हात जोडायला लागला. सवय. मी त्याचे हात खाली केले.

भाता बोलला.

"केली.
नऊ वर्षं.
पुढे पुढे एकाच दिवशी पाच वेळा त्याच खुर्चीत बसलो.
तोच शर्ट. तोच घाम.
पाचव्या वेळेला तर...
खोकत खोकत बसलो.
त्याने पाचही वेळा कार्ड बघितलं, शिक्का मारला, म्हणाला, पुढचा.
एकदाही
मान वर केली नाही.
फसवायला
समोर कोणी बघणारा तरी लागतो ना, साहेब?"

खोलीत फक्त त्याच्या श्वासाचा आवाज होता, फाटकं कापड हळूहळू आणखी फाडावं तसा.

साहेबांनी खणातून नवी नळी काढली. फेरतपासणी करू, म्हणाले. आधी आमच्या यांचं नाव पुकारलं. आणि भाता उठला. खरंच उठला, हात पुढे करून, नळी घ्यायला. नऊ वर्षांची सवय त्याच्या गुडघ्यांत होती. काडीने त्याचा शर्ट धरून त्याला खाली ओढलं. कोणी हसलं नाही.

हे पुढे झाले, नळी तोंडाला लावली आणि फुंकली.

१४०

साहेब खाली बघूनच म्हणाले, "किती?"

"एकशे चाळीस," मी काट्यावरून वाचलं.

पेन कागदाकडे निघालं. मी कागदावर हात ठेवला. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच राहिलं होतं, त्याचा टक् असा आवाज झाला.

"साहेब, कोणी फुंकलं ते बघून लिहा."

त्यांनी मान वर केली. रागाने केली, पण केली. यांचे निळसर ओठ बघितले, गळ्याच्या हाडांमागे श्वासाबरोबर पडणारे खड्डे बघितले. पेन तसंच हातात होतं. मग बाकीच्यांना एकेक करून समोर बोलावलं, एकेकाचा चेहरा बघितला, आकडा लिहिला. खाली लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने वाचलं : जुन्या तपासण्या विश्वसनीय नाहीत, त्यांचा आधार घेऊन नाकारलेले अर्ज मंजूर.

मग शिक्का शोधता शोधता थांबले.

"कार्डं पाच आहेत. माणसं चारच दिसतात."

"मोजलीत ना?" मी म्हटलं. "मग पाचवा गेला, तेही लिहा."