वातुलेवाच्या दारातला दगड

अकराव्या मजल्यावरून खाली आलेली लिफ्ट चौथ्यावर थांबली आणि मरिसा आत शिरली, तेव्हा तिच्या हातात एका गावाचा फोटो होता. शारजाच्या अल नहदा भागातल्या त्या टॉवरच्या लिफ्टमध्ये माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, आकड्यांकडे बघतात. पण अकराव्यावरच्या स्मिता आंटींची कामवाली युस्टिना, एका हातात कचऱ्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा, फोटोकडेच बघत राहिली. मग पिशवी खाली टेकवून तिने फोटोतल्या लाल पत्र्यावर बोट ठेवलं.

"ये मेरा घर."

मरिसाला वाटलं, बाईची काहीतरी गफलत होतेय. इंडोनेशियात हजारो बेटं. त्यातलं एक फ्लोरेस, फ्लोरेसच्या डोंगरात वातुलेवा, वातुलेवात बेचाळीस घरं, आणि त्यातलं एक घर आपल्याच लिफ्टमध्ये कचरा घेऊन उभं? पण युस्टिनाने चर्चचा मनोरा दाखवला, मनोऱ्याला कुठे तडा गेलाय ते दाखवलं, विहीर दाखवली. लिफ्ट तळाला पोचली, दार उघडलं, मिटलं, दोघी पुन्हा वर निघाल्या. कुत्रा भुंकायला लागला तरी मरिसाचं लक्ष नव्हतं. तिचं काळीज उड्या मारत होतं.

कारण दोन आठवडे ती या गावावर डोकं फोडत होती. दुबईला, देऱ्यातल्या ज्या टूर कंपनीत ती नोकरीला होती, तिथल्या संजय सरांना डिसेंबरच्या सुट्टीसाठी 'कुणीही न पाहिलेलं गाव' विकायचं होतं. त्यांनी स्वतःही ते पाहिलं नव्हतं, पण त्याने त्यांचं काही अडत नव्हतं. त्यांनी गावाचा पहिला मजकूर लिहिला तेव्हा वर बालीतल्या देवळाचं चित्र डकवून दिलं. गाव सगळं ख्रिस्ती आहे, असं मरिसाने सांगितल्यावर म्हणाले, असू दे गं, देऊळ राहू दे, आपल्या लोकांना बरं वाटतं. इंडोनेशिया म्हणजे बाली, खलास. शेवटी कंटाळून त्यांनी काम मरिसावर ढकललं आणि वर एक गाजर दाखवलं: कंपनीची ग्रुपबरोबर एक सीट फुकट असते, गावाचा प्रोफाइल जो लिहील तो जाईल.

मरिसा चोवीस वर्षांची. जन्म शारजाचा, जग म्हणजे शारजा, दुबई आणि दर मे महिन्यात वसई. ही सीट तिने मनातल्या मनात कधीच घेतली होती. बॅगही भरून झाली होती.

रविवारी मिस्सा संपल्यावर युस्टिनाला दोन तास मोकळे मिळायचे. चर्चच्या आवारात, भिंतीच्या सावलीत बसून तिने मोडक्या हिंदीत गाव उलगडलं आणि मरिसाची वही भरत गेली. गावात डांबरी रस्ता एकच, त्यावर लवंगा वाळत घालतात, गाड्यांनी कडेने जायचं. फोनला रेंज फक्त नीरफणसाच्या झाडाखाली, त्यामुळे गावातली सगळी भांडणं, सगळी लग्नं त्या झाडाखाली ठरतात. पुरुष ताडावर चढून ताडी काढतात. हे ऐकून मरिसा उठूनच उभी राहिली. तिचा आजोबा वसईत तेच करायचा, कमरेला तसाच कोयता लावून. हातवारे करत दोघींनी झाडावर चढण्याची नक्कल केली. येणारेजाणारे बघत होते. बघू देत.

आणि मग दगड निघाला.

वातुलेवात प्रत्येक दाराबाहेर एक सपाट दगड असतो. परका माणूस आला की त्याने त्या दगडावर उभं राहायचं. घरातली बाई बाहेर येते, त्याच्या तळहातावर पानसुपारी ठेवते आणि हाताला धरून आत नेते. मग तो त्या घरचा, कायमचा. पण बाई हातातलं काम उरकल्याशिवाय येत नाही, आणि पुरुषाने हात धरून चालत नाही. एकदा बिशपसाहेब आले होते. युस्टिनाची आई डुकरांना खायला घालत होती. बिशप पाऊण तास दगडावर.

मरिसा पोट धरून हसली. हसता हसता तिने विचारलं, आता तुमच्या घरात कोण धरतं हात?

युस्टिना म्हणाली, कुणी नाही. आई मागच्या वर्षी गेली. भाऊ आहे, तिची स्वतःची मुलगी नन्सच्या हॉस्टेलला. चार खोल्यांचं लाल पत्र्याचं ते घर तिच्याच पगारावर उभं राहिलं होतं. खोल्या टुरिस्टांना द्यायचं भावाने एजंटशी ठरवलं होतं. ती स्वतः त्या पत्र्याखाली एक रात्र झोपली नव्हती. चार वर्षं झाली, सुट्टी नाही. पहिल्या वर्षी मॅडमच्या सासूबाईंचा गुडघा, दुसऱ्या वर्षी मुलांची परीक्षा, आई गेली तेव्हा घरात पाहुणे. पासपोर्ट मॅडमच्या कपाटात. इन्शाल्ला पुढच्या वर्षी, असं मॅडम म्हणतात.

मरिसाने वही मिटली. कंपनी ज्या घरात पाहुणे उतरवणार होती ते हेच घर. त्या घरात हात धरणारी बाई इथे, शारजात, भिंतीच्या सावलीत बसलेली. हे लिहिलं तर जायला हवी युस्टिना. नाही लिहिलं तर मरिसा.

तिने लिहिलं. एका बैठकीत, चहा गार होऊ देत, सगळं लिहिलं. दगडाची ओळ दोनदा पुसली आणि तिसऱ्यांदा ठेवली. संजय सरांनी सवयीप्रमाणे पहिली दोन वाक्यं वाचली, दगडापाशी त्यांचे डोळे चमकले, "युनिक एक्सपिरियन्स" म्हणाले आणि प्रिंटला पाठवून दिलं.

शनिवारी देऱ्याच्या ऑफिसात बुकिंग केलेली मंडळी जमली. पहिल्याच रांगेत स्मिता आंटी, चार सीटवाल्या. मरिसा बोलायला लागली आणि खोली तिच्यामागे चालायला लागली: लवंगांचा रस्ता, नीरफणस, बिशप. विजयकुमार म्हणून एक निवृत्त बँकवाले होते, ते तर खुर्चीच्या टोकावर आले. दगडावर उभे राहिलेले आपले फोटो सगळ्यांना दिसायला लागले होते.

"किती सुंदर," स्मिता आंटी म्हणाल्या. "पण मग आमचा हात कोण धरणार?"

संजय सर मागून खुणा करत होते: लोकल अरेंजमेंट आहे, म्हण. तीन शब्द. तीन शब्दांत फ्लोरेस मरिसाचं होतं.

"त्या घरातली एकच बाई उरलीय, आंटी. युस्टिना. तुमची."

स्मिता आंटी आधी हसल्या. त्यांची समजूत होती की ती जावा बेटावरची, की कुठली तरी. चार वर्षं बाई घरात राबते आणि तिचं गाव कुठलं हे विचारायला कुणाला वेळ नाही; तेच गाव बघायला मात्र विमानाची तिकिटं काढलेली. मग हसू ओसरलं आणि त्या म्हणाल्या, "अगं, पण ती आली तर घर कोण बघणार? सासूबाई आहेत, कुत्रा आहे."

"तुम्ही उतरणार ते घर तिचं आहे," मरिसा म्हणाली. "ती नसेल तर जेवण मिळेल, पण दगडावर."

विजयकुमारांनी चष्मा काढला. "म्हणजे आम्ही इतक्या लांब जाऊन बाहेर उभं राहायचं का हो, मॅडमच्या कुत्र्यासाठी?" खोलीत खसखस पिकली. स्मिता आंटींचा चेहरा लाल झाला. चारचौघांत त्या कधी वाईट दिसत नसत, आणि आता चारचौघं त्यांच्याकडेच बघत होते. सासूबाई नणंदेकडे राहतील, असं त्या शेवटी पुटपुटल्या.

सीट एकच आहे, संजय सरांनी दात आवळून आठवण करून दिली. "माहितीये सर," मरिसा म्हणाली. "तीच तिला द्या."

सोमवारी सकाळी लिफ्ट पुन्हा चौथ्यावर थांबली. आत युस्टिना, कुत्रा आणि कचऱ्याची पिशवी. पासपोर्ट तिने झग्याच्या खिशात ठेवला होता. लिफ्टमध्येही काढून दाखवला, पुन्हा ठेवला, पुन्हा चाचपला. मरिसाला तिने विहिरीचं पाणी आणायचं कबूल केलं, बाटलीभर. मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं.

"मॅडम पत्थर पे खडा रहेगा?"

"रहना पडेगा."

युस्टिना बोटांवर मोजायला लागली. "पहले मैं बरतन करेगा. फिर झाडू. फिर मुर्गी को दाना. फिर कपडा." आणि ती इतकी हसली की कुत्रा घाबरून मरिसाच्या पायांत शिरला.