चौथ्या चेंबरचं शून्य

"एक शब्द बदलायचा आहे फक्त," भूपेंद्रभाऊ म्हणाले, "आणि तू आठवडाभर त्याच्यावर अडून बसलीयस."

"तो शब्द मी बदलणार नाही," दिपमाला म्हणाली.

जळगावात एमआयडीसीच्या रस्त्याला, एका टायरच्या दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. भूपेंद्रभाऊ मालक. दिपमाला तिथली सगळ्यात जुनी प्रोग्रॅमर. मूळची दोंडाईच्याची, इंजिनिअरिंग धुळ्याला केलेली. बरोबरच्या मुली पुण्याला गेल्या, ही मात्र जळगावात राहिली. केळी पिकवायच्या चेंबरचं सॉफ्टवेअर तिने पहिल्या ओळीपासून लिहिलं होतं आणि चोपड्याच्या रतिलालशेठच्या गोदामात ते चालू होतं.

चेंबर म्हणजे बंद, थंड खोली. हिरव्या केळीचे क्रेट आत रचायचे, दार घट्ट लावायचं, थोडा गॅस सोडायचा. चार-पाच दिवसांत केळी पिवळी. पण पिकताना केळीही श्वास टाकते. आतली हवा जड होते, माणसाला पुरेनाशी होते. म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर होता. हवा चांगली असली की दारावर हिरवा दिवा लागायचा, आणि मगच क्रेट काढायला बायका आत जायच्या.

दिपमालाने प्रत्येक चेंबरसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिला नव्हता. एकच साचा लिहिला होता. जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे त्याला फॅक्टरी म्हणतात. त्या साच्यातून हवे तेवढे चेंबर काढता यायचे, आणि प्रत्येक चेंबर सुरू होतानाच आपल्याला काय काय लागतं ते सांगायचा: तापमान सांगणारी सेवा लागते, गॅसचा व्हॉल्व्ह चालवणारी लागते, हवा मोजणारी लागते. यातलं एक जरी मध्येच नाहीसं झालं, तरी चेंबर आपोआप थांबायचा. गॅस बंद, पंखे सुरू, दारावर लाल दिवा.

भांडण त्या 'लागते' वरच होतं. चोपड्याकडचं व्होल्टेज वर-खाली झालं की सेन्सर डुलकी घ्यायचे. चेंबर थांबायचा, पिकवण बिघडायची, आणि शेठचा फोन यायचा. भूपेंद्रभाऊंचं म्हणणं सरळ होतं. हवेचा सेन्सर 'लागतोच' असं लिहिलंय, तिथे 'असला तर बरा' असं लिही. एक शब्द.

"भाऊ, मग सेन्सर गेल्यावर काय होतं माहितीये? प्रोग्रॅमला त्याच्या जागी एक डमी मिळते. तिला काहीही विचारा, ती शून्य सांगते. हवा किती खराब? शून्य. म्हणजे आतली हवा एकदम स्वच्छ. लगेच हिरवा दिवा."

"तिथल्या माणसांना समजतं. पिढीजात धंदा आहे त्यांचा."

"मग दिवा कशाला लावलाय?"

भूपेंद्रभाऊंनी चष्मा काढला. त्यांना राग आला की ते चष्मा पुसत. ते चष्मा पुसत राहिले.

दिपमाला नुसती नाही म्हणत नव्हती. तिने दुसरा मार्ग दिला होता. प्रत्येक चेंबरला दोन सेन्सर बसवा, एक गेला तर चेंबर दुसऱ्याकडून काम घेईल. आणि सेन्सरने क्षणभर डुलकी घेतली तर चेंबर थोडा वेळ वाट बघेल, लगेच बंद पडणार नाही, तेवढं ती स्वतः लिहून देईल. शेठला ते पटलं नाही. आहे तेच चालवून द्या, नाहीतर दुसरी कंपनी बघतो, असं त्याचं म्हणणं होतं.

मग ती दोन दिवस धुळ्याला गेली. तिथे कापसाच्या एका जिनिंगवाल्याकडे नवं काम बसवायचं होतं. परत आली त्या दिवशी सकाळीच तिने सवयीने कॉम्प्युटरवर चोपड्याच्या चेंबरांचा पडदा उघडला. सगळे चेंबर हिरवे होते. तिला आधी बरं वाटलं. मग चौथ्या चेंबरकडे नजर गेली. हवा: शून्य.

केळीने भरलेल्या बंद खोलीत शून्य कधीच येत नाही. मोकळ्या शेतातल्या हवेतही थोडा कार्बन डायऑक्साइड असतोच.

"कुंदन," ती हळू म्हणाली, "हे कोणी केलं?"

कुंदन तिच्या शेजारी बसायचा. तिच्याच हाताखाली शिकलेला. तो मान वर न करता म्हणाला, "भाऊंनी सांगितलं, ताई. तुम्ही नव्हता. शेठचा फोन दिवसभर चालू होता."

"तुला शून्याचं सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं."

तिने कीबोर्ड पुढे ओढला आणि फॅक्टरीच थांबवली. साचा थांबला की त्यातून निघालेला प्रत्येक चेंबर थांबतो. पडद्यावर एकामागून एक दिवे लाल होत गेले. मग ती उठली आणि भूपेंद्रभाऊंच्या केबिनचं दार उघडून उभी राहिली.

"भाऊ, चोपड्याचे सगळे चेंबर मी बंद केलेत. आत्ता. मी केलेत, कुंदनने नाही. शेठचा फोन येईल म्हणून आधीच सांगते."

फोन तेवढ्यात वाजलाच.

शेठ काय बोलला ते बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. भूपेंद्रभाऊ "हो शेठ, येतो शेठ" करत राहिले. फोन ठेवून त्यांनी गाडीची किल्ली उचलली. दिपमाला त्यांच्या आधी जिना उतरली होती. हातात लॅपटॉपची बॅग आणि हवा मोजायचं छोटं मीटर.

"तू नाही यायचंस," ते म्हणाले.

"मी येणार. तुम्ही नेलं नाहीत तर एसटीने येते."

गाडीने विदगावचा पूल ओलांडला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पानं वाऱ्याने चिरलेली. धानोऱ्याच्या पुढे भूपेंद्रभाऊ म्हणाले, "तुला वाटतं मला माणसांची काळजी नाही?"

"वाटत नाही तसं. पण तुम्ही ते चेंबर बघायला तरी गेलात का कधी?"

त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

गोदामासमोर दिल्लीकडे जायचा ट्रक उभा होता, मागचा फाळका उघडा. भिंतीच्या सावलीत सातपुड्याच्या पायथ्याकडून कामाला येणाऱ्या बायका बसल्या होत्या, डोक्याला फडकी बांधून. रतिलालशेठ चौथ्या चेंबरच्या दारापाशीच होता. अंगाने थोराड, पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"ही का ती बाई?" त्याने भूपेंद्रभाऊंना विचारलं.

"मीच ती," दिपमाला म्हणाली. "शेठ, पंखे का बंद आहेत? मी थांबवल्यावर ते सुरू व्हायला हवेत."

"मी बंद केले, हाताने. माझा सगळा गॅस उडून चालला होता. आता हे दार उघडतो, माल काढतो, ट्रक सोडतो. तुमचं कॉम्प्युटर तुम्ही घरी न्या." तो बायकांकडे वळून ओरडला, "चला वो, उठा! बठ्ठा माल सडी जाई आठे!"

बायका उठल्या. त्यांतली पुढची, जिवली, दारापर्यंत आली. दिपमाला मधे उभी राहिली. तिची पाठ चेंबरच्या थंड पत्र्याला टेकली होती.

"आत कोणी जाणार नाही."

"हे माझं गोदाम आहे, ताई."

"आहे ना. आत मात्र कोणी जाणार नाही. पंखे लावा, हवा निघू द्या, मग जा. ट्रक थांबेल."

"काही होत नाही! मी लहानपणापासून आत-बाहेर करतोय." शेठचा चेहरा लाल झाला होता. "बायका घाबरत असतील तर मी जातो. बघ. सरक."

त्याने हात लांब करून दाराची कडी खाली ओढली. दार बोटभर उघडलं. पिकत्या केळीचा गोड, कोंदट वास बाहेर आला.

ती सरकली नाही. शेठच आत जातोय तर जाऊ दे, म्हणजे कळेल त्याला, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. पण तिचे पाय जागचे हलले नाहीत. तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

"तुम्हालाही जाऊ देणार नाही, शेठ," ती म्हणाली. "ढकलायचं तर ढकला. सगळ्यांसमोर ढकला."

शेठ थबकला. बाईच्या अंगाला हात लावणं त्याला जमणारं नव्हतं, आणि मागे सरणंही. तेवढ्यात तिने मीटर दाराच्या फटीत धरलं. ते लगेच कोकलायला लागलं, आणि थांबेना. आकडा शेठने वाचला. भूपेंद्रभाऊंनी पुढे होऊन वाचला आणि चष्मा काढून परत घालून वाचला.

"तुमच्या पडद्यावर इथे शून्य होतं," दिपमाला म्हणाली. "आणि दारावर हिरवा दिवा."

जिवली इतका वेळ नुसती बघत होती. आता तिने डोक्यावरची चुंबळ काढून खाली टाकली.

"काल मनं डोकं फिरनं व्हतं, शेठ," ती म्हणाली. "तुमले सांगं व्हतं. तुम्ही म्हणे, ऊन लागनं. आज मी नही जाऊ."

तिच्यामागे बाकीच्याही पुन्हा सावलीत जाऊन बसल्या. कोणी आरडाओरडा केला नाही. शेठने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग दार ढकलून बंद केलं आणि स्वतः जाऊन पंख्यांचं बटण दाबलं.

त्याच्याच ऑफिसात, त्याच्याच टेबलावर दिपमालाने लॅपटॉप उघडला. कुंदनने बदललेला शब्द तिने पहिल्यासारखा केला आणि फॅक्टरी सुरू केली. चेंबर एकेक करून जागे झाले. चौथा झाला नाही. तो आपल्या सेन्सरची वाट बघत थांबून राहिला.

"आणि चौथा?" शेठने विचारलं.

"सेन्सर मेलाय. नवा बसेपर्यंत नाही."

"मग आतला माल कसा काढायचा?"

"हवा निघाली की मी मीटर घेऊन आधी आत जाते, मग बायका येतील."

तसंच झालं. ट्रक दुपार कलल्यावर सुटला.

परत येताना अडावदच्या अलीकडे भूपेंद्रभाऊंनी गाडी बाजूला घेतली. समोर बघतच ते म्हणाले, "मला न विचारता गिऱ्हाइकाचं काम बंद पाडलंस. हे मी चालवून घेऊ शकत नाही. राजीनामा देऊन टाक."

"नाही देणार."

"मग मी काढतो."

"काढा. फक्त कारण लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. पत्र पडद्यावर तयार होतं. त्यात लिहिलं होतं, वर्तणूक समाधानकारक नाही.

"हे कारण नाही," दिपमाला म्हणाली. "सेन्सर बंद असताना दिवा हिरवा लागत होता, आणि हिने आत जाऊ दिलं नाही, असं लिहा. मी या क्षणी सही करते. कुठेही दाखवीन ते पत्र, अभिमानाने दाखवीन."

भूपेंद्रभाऊंनी कीबोर्डवर बोटं ठेवली. पण एकही अक्षर उमटलं नाही. खाली टायरच्या दुकानात कोणीतरी रिंगवर हातोडा मारत होतं. शेवटी ते म्हणाले, "जा, काम कर."

रतिलालशेठने कंपनी बदलली नाही. कुरकुरत का होईना, प्रत्येक चेंबरला दोन सेन्सर घेतले. ते बसवायला दिपमाला आणि कुंदन गेले तेव्हा तो समोर आला नाही, चहा मात्र पाठवला. डुलकी घेणाऱ्या सेन्सरची वाट बघायचं काम तिने कुंदनकडूनच लिहून घेतलं, चुकलं तिथे परत लिहायला लावलं. जिवलीने पुढे ते गोदाम सोडलं आणि मजुरीला दुसरीकडे गेली, असं तिथल्या बायकांनी सांगितलं.

भूपेंद्रभाऊ दिवाळीपर्यंत तिच्याशी कामापुरतंच बोलले. तीही तेवढंच बोलली.