चिखलदऱ्याहून खाली

बचत गटाच्या बायका चिखलदऱ्याला निघाल्या, तेव्हा किसनरावांनी शालूबाईंना जाऊ दिलं नव्हतं. "तो मेळघाटाचा घाट, आन् डायवर कोण, कसा, काय मालूम. काही जरूर नाही," एवढंच ते म्हणाले. शालूबाईंनी वाद घातला नाही, पण तेव्हापासून जानेफळच्या त्या घरात त्या कामापुरतंच बोलू लागल्या. पोळा होऊन गेला. सोयाबीन कापणीला यायला अजून अवकाश होता. एका सकाळी किसनराव चहा पिता पिता म्हणाले, "चाल, मी नेतो तुले चिखलदऱ्याले."

गाडी शिवमची, त्यांच्या मुलाची. पुण्याला नोकरीला जाताना तो ती घरी ठेवून गेला होता. खामगाव, शेगाव, अकोट करत दोघं परतवाड्याला पोचले आणि तिथून घाट चढले. जंगल सुरू झालं तसं धुकंही सुरू झालं. वाटेवरच्या पाट्यांवर वाघाची चित्रं होती. किसनराव स्टीअरिंगवर छाती टेकवून गाडी चालवत होते. शालूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. वर पोचेपर्यंत कोणी फारसं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भीमकुंड बघायला गेले. दरी दिसतच नव्हती, पांढऱ्या धुक्याच्या आतून फक्त धबधब्याचा आवाज येत होता. आडदिवस असल्यामुळे पर्यटकही नव्हते. शालूबाई कठड्याशी उभ्या होत्या. मागे वळून पाहिलं तर किसनराव दगडावर बसलेले. त्या गारठ्यातही त्यांच्या कपाळावर घाम होता.

"काय होऊन राह्यलं?"

"काही नाही. पित्त झालं. काल रात्रीची भजी."

"हात काऊन दाबून राह्यले मंग?"

त्यांनी डावा हात पटकन सोडला. उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले. शालूबाईंनी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांच्या भावाचा चेहरा शेवटच्या दिवशी असाच झाला होता, राखेसारखा. जवळच्या मक्याच्या कणसाच्या गाडीवाल्याला त्यांनी हाक मारली. त्याने आणि शालूबाईंनी मिळून किसनरावांना गाडीत मागच्या सीटवर बसवलं.

"किल्ली द्या," शालूबाई म्हणाल्या.

"तुले काय करायची किल्ली?"

शालूबाईंनी किसनरावांच्या खिशात हात घालून किल्ली काढून घेतली.

सरकारी दवाखाना जवळच होता. तेवढं अंतर गाडी कशीबशी, धक्के खात गेली. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी ईसीजीची पट्टी काढली, लगेच गोळ्या चघळायला दिल्या आणि शालूबाईंना बाजूला घेतलं.

"हृदयविकाराचा झटका आहे. इथं करता येईल ते मी केलंय. पण यांना लवकर परतवाड्याला न्यायला हवं. आमची अँब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन खाली गेलीय. दुसरी मागवते, पण ती या धुक्यातून वर येणार, मग यांना घेऊन परत उतरणार. एवढा वेळ थांबणं बरं नाही. तुमच्याकडे गाडी आहे ना? ड्रायव्हर?"

ड्रायव्हर नव्हता. रात्री ते उतरले होते त्या लॉजच्या मॅनेजरला मोटारसायकलच येत होती. टॅक्सीवाले धुकं बघून आज वर आलेच नव्हते.

"मी नेतो यायले," शालूबाई म्हणाल्या.

स्ट्रेचरवरून किसनराव पुटपुटले, "तिले येत नाही."

"येते मले," शालूबाई डॉक्टरांकडे बघत म्हणाल्या. मग खरं तेही सांगितलं. "वावरात चालवली हाय. रोडवर नाही."

डॉक्टरबाईंनी महामाया सिस्टरना ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर घेऊन सोबत जायला सांगितलं.

घाट सुरू झाला आणि रस्ता नाहीसा झाला. गाडीच्या तोंडापुढे थोडंसं डांबर दिसायचं, त्यापुढे काहीच नाही. उजवीकडे डोंगर होता, डावीकडे दरी, एवढं शालूबाईंना ठाऊक होतं. येताना खिडकीतून त्यांनी तेच तर बघितलं होतं. पहिल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, दुसऱ्यावर दाबला, मग पाय तिथंच राहिला. थोड्या वेळाने जळका वास आला.

"बाई, ब्रेक तापले," मागून सिस्टर म्हणाल्या.

किसनरावांचा पाय मोडला होता त्या वर्षी ट्रॅक्टर शालूबाईंनीच चालवला होता. भरलेली ट्रॉली टेकडीच्या वावरातून उतरवताना नुसत्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नसे. त्यांनी क्लच दाबून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन जोरात घुमलं आणि गाडी मागून कुणी धरून ठेवावी तशी आवरली गेली. त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला.

"हाव," मागून किसनराव म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "दुसऱ्यातच ठेव."

जंगलखात्याच्या नाक्यावर आडवा दांडा होता. गार्ड वही घेऊन जवळ आला. मागच्या सीटवरचं सिलिंडर आणि मास्क पाहून त्याने वही काखेत मारली.

"मी खालच्या नाक्याला वायरलेस करतो, वर येणाऱ्या गाड्या थांबवायला. पण पुढच्या खोऱ्यात गवे उतरलेत. सांभाळून जा."

आता समोरून गाडी येणार नव्हती. शालूबाई रस्त्याच्या मधोमध, डोंगराच्या बाजूला सरकून चालवू लागल्या. हात इतके घट्ट आवळले होते की बोटांना मुंग्या आल्या होत्या. मागे सिस्टर थोड्या थोड्या वेळाने "दादा, माझ्याशी बोला," म्हणत होत्या. किसनराव हुंकार द्यायचे. एकदा त्यांनी हुंकार दिला नाही.

"दादा?"

शालूबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर गाडी गेली असती.

"अवो," त्या मोठ्याने म्हणाल्या. "आयकून राह्यले ना?"

बऱ्याच वेळाने आवाज आला. "हाव."

पुढच्या वळणावर धुक्यात एक काळा डोंगर उभा होता. शालूबाईंनी ब्रेक दाबला. गाडी गचका खाऊन थांबली आणि बंद पडली. डोंगराने मान वळवली. खांदे गाडीच्या टपाच्या वर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. त्याच्या मागे आणखी दोन-तीन काळ्या आकृत्या हलत होत्या.

"हॉर्न नका मारू," सिस्टर कुजबुजल्या. "बिचकला तर अंगावर येईल."

शालूबाईंनी दिवे मंद केले. गवा हलेना. काचेवर दव जमत होतं. मागे किसनरावांच्या श्वासाला घरघर लागली होती. सिस्टरांनी त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली.

"नाडी बारीक लागून राह्यली, बाई. जास्त थांबता नाही येणार."

शालूबाईंनी गाडी पुन्हा चालू केली. ॲक्सिलरेटरला पाय लावला नाही. क्लच हळूहळू सोडला, बैलाच्या अंगाला हात लावायच्या आधी माणूस सावकाश पुढे होतो तशी गाडी सरकू दिली. गव्याने नाकातून फुस्स केलं. एक पाऊल पुढे टाकलं. शालूबाईंना वाटलं, संपलं. पण तो डोंगराच्या अंगाला वळला, आणि त्याची ओली, काळी कूस त्यांच्या खिडकीला जवळजवळ घासत मागे गेली. मागची जनावरं झाडीत घुसली. फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यानंतर धुकं विरत गेलं. सपाटीवरचा रस्ता, संत्र्यांच्या बागा, मग परतवाड्याची गर्दी. डॉक्टरबाईंनी फोन करून ठेवल्यामुळे दवाखान्याच्या दारात माणसं उभीच होती. त्यांनी किसनरावांना उचलून आत नेलं. सिस्टर त्यांच्या मागे धावल्या.

"ताई, गाडी बाजूला घ्या. दार अडलंय," वॉचमन म्हणाला.

शालूबाईंनी किल्लीला हात लावला, पण ती फिरवता येईना. "तुमीच घ्या भाऊ," त्या म्हणाल्या. उतरून भिंतीशी गेल्या आणि सकाळचा चहा तिथंच उलटून पडला.

किसनराव वाचले. परतवाड्याला इंजेक्शन दिलं, तिथून अमरावतीला नेऊन रक्तवाहिनीत स्प्रिंग बसवली. शिवम पुण्याहून आला, तो आधी आईलाच रागावला. "अन् घाटात काही झालं असतं म्हंजे?" शालूबाईंनी त्याला चहा आणायला पाठवून दिलं.

वॉर्डात दोघंच उरल्यावर किसनरावांनी विचारलं, "कवा शिकली तू गाडी?"

"दिवाळीले. तुमी कोर्टाच्या तारखेले बुलढाण्याले गेल्ते तवा. शिवमनं खालच्या वावरात शिकवलं."

"मले काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तर चालवू देली असती?"

किसनरावांनी विचार केला. खोटं बोलावंसं त्यांना वाटलं असेल, पण ते बोलले नाहीत. "नाही," ते म्हणाले.

शालूबाई खाटेजवळ स्टुलावर बसल्या. किसनराव छताकडे बघत होते. त्यांनी मान वळवली.

"तो गवा. माह्ये डोळे मिटले होते. लय मोठा होता का वं?"

शालूबाईंनी पदर खोचला, स्टूल जवळ ओढलं आणि सांगायला लागल्या. गवा सांगितला, नाका सांगितला, ब्रेकचा वास सांगितला. शिवम चहा घेऊन आला तरी त्या थांबल्या नाहीत.