संगणकनाथांचा हिरवा दिवा

खंडेनवमीला सीबीडी बेलापूरच्या त्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. कॉम्प्युटरांना झेंडूच्या माळा, कीबोर्डांवर कुंकू, आणि भिंतीवरच्या पडद्यातल्या हिरव्या दिव्यापुढे उदबत्त्या. शेजारचे कारकून-वकीलसुद्धा चपला काढून दर्शनाला आले होते. रुग्णवाहिका बोलावण्याचं ‘धाव’ हे ॲप इथून चालायचं. ते बिघडलं की दिवा लाल व्हायचा, आणि तो सारखा लाल व्हायचा. मग संगणकनाथ महाराज आले. सगळ्यांना डोळे मिटायला लावून त्यांनी शंख फुंकला. डोळे उघडले तर दिवा हिरवा, आणि तेव्हापासून तो हिरवाच!

“सर्व्हरच्या राहूला रिबूट केलंय मी, बाळांनो,” महाराज सांगत होते. “आता क्लाउडवर साक्षात इंद्र बसलाय.”

इंजिनिअरांनी माना डोलावल्या. तिथेच प्रोग्रॅमर असलेल्या अर्पिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कोपऱ्यात चहावाल्या राजाबाई खाली मान घालून उभ्या होत्या. गेल्या आठवड्यात उलव्यात त्यांचा नवरा देवजी छातीत कळ येऊन कोसळला, तेव्हा ‘धाव’ नुसतंच गरगरत राहिलं. शेवटी मासळीच्या टेम्पोत, बर्फाच्या पेट्यांवर आडवं करून त्याला दवाखान्यात नेलं. नशीब, वाचला. ऑफिसात कुणी जागचं हललं नव्हतं, कारण दिवा हिरवा होता. वर महाराजांचा निवाडा असा, की राजाबाईंच्या घरी मासळी शिजते म्हणून हाक पोचली नाही!

मालक उदयसिंह हात जोडून म्हणाले, “म्हाराजांच्या किरपेनं आता दिव्यावर नजर ठेवायला रातपाळीची मानसं नकोत. उद्यापासनं बंद.”

“थांबा सर!” अर्पिता पुढे आली. “आपल्या ॲपची एक सरावाची प्रत आहे. तिथं खरे पेशंट नाहीत. तिचा दिवा लावते पडद्यावर.”

तोही हिरवाच होता. मग तिने त्या प्रतीचा डेटाबेस, म्हणजे सगळी माहिती जिथे असते तेच, बंद केला. मोबाइलवर रुग्णवाहिका मागितली. ॲप गरगरत राहिलं. दिवा मात्र हिरवागार.

“महाराज, प्राण तर गेला. दिवा कसा हिरवा?”

“सूक्ष्म देहानं चालतंय, बेटा.”

“मग रुग्णवाहिकाही सूक्ष्मच येणार का?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अर्पिता बोलतच राहिली. “ॲपमध्ये एक पत्ता असतो. पहारेकरी प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तिथं जाऊन विचारतो, ठीक आहेस का? ॲपनं आधी डेटाबेसला हाक मारून बघायची, मगच उत्तर द्यायचं; त्या उत्तरावर दिव्याचा रंग ठरतो. ते बघणंच कुणीतरी काढून टाकलंय. आता ॲप मेलं तरी ‘ठणठणीत’ म्हणतं. त्या दिवशी मी डोळे मिटले नव्हते. शंख वाजत होता आणि कल्पेश टाइप करत होता. मला वाटलं, बिचारा काम करतोय.”

महाराजांना ऑफिसात आणणारा त्यांचा शिष्य, इथलाच इंजिनिअर कल्पेश पांढराफटक पडला. “सारखं लाल, सारखे फोन. टेन्शन यायचं यार! महाराज म्हणाले, दिवा तेवढा हिरवा कर, बाकी मी बघतो.”

“म्हंजे माजा नवरा गुदमरत व्हता, तवा पन ह्यो हिरवाच व्हता?” राजाबाईंनी विचारलं. त्या महाराजांकडे वळल्या. “आन् तुमी माज्या मासलीला नावं ठेवलीव? जल्लं तुमचं त्वांड!”

कल्पेशने काढून टाकलेली तपासणी अर्पिताने त्या प्रतीत परत घातली. डेटाबेस बंदच होता, त्यामुळे पडद्यावर लाल दिवा लागला. लोक दचकले, आणि या गडबडीत महाराजांनी शंख काखोटीला मारून काढता पाय घेतला.

“आता दिवा खरा बोलला,” राजाबाई म्हणाल्या.

उदयसिंहांनी खाली मान घालून रातपाळी कायम ठेवली. तेवढ्यावर विषय मिटत नाही. असले नाथ उद्या दुसऱ्या ऑफिसात शंख फुंकतील. तेव्हा डोळे मिटू नका. दिवा हिरवा दिसला तर नमस्कार करण्याआधी विचारा, हा नेमकं काय तपासून हिरवा झाला? विचारायची लाज वाटली, तर बर्फाच्या पेट्यांवर आडवा पडलेला देवजी आठवा.